एकटीला धाडू नका

चारठाणा, माघ वद्य, बुधवार, फसली १३५२

आज मी सगळ्यांपुढं बोलले.

दिवाळीत मला झोपच नको होती. गात गात सगळं घर सारवलं, माझी लुगडी गल्लीत वाटून टाकली. आता भाकरीचा घास गिळवत न्हाई, वेणी घालवत न्हाई. दरसाल असं का व्हावं? हकीमसाहेबांचं सरबत संपलं. काय उपयोग झाला?

मन ठिकाणावर होतं तेव्हाच जाऊबाईंना सांगून ठेवलं होतं, "मी अशी झाले की दोन घास बळंच चारा, अन् विहिरीवर एकटीला धाडू नका." त्यांनी ते पाळलं. पण आज त्या माहेरी गेल्या, अन् सासूबाईंनी घागर पुढं केली. "जा, पाणी आण."

घागर घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. गेले असते तर परत आले असते का? न्हाई वाटत. ओसरीवर पाव्हणे होते, मामंजी होते. तरी तोंडातून निघालंच, "आत्याबाई, एकटीला धाडू नका. मला माझा भरवसा न्हाई."

वाटलं, आता शिव्या. सासूबाई उठल्या. गुडघे धरत माझ्यासंगं विहिरीपर्यंत आल्या. पाणी मी शेंदलं, पण माझा पदर त्यांनी मुठीत घट्ट धरला होता.

परतताना म्हणल्या, "माझी धाकली बहीण एकटीच गेली व्हती पाण्याला. तिनं कुणाला सांगितलं न्हाई गं."