पोटातल्या पेशी आणि पुण्याची खोली

जळकोट

चि. विरेश, तुला आणि महेश्वरीला इरम्माकाकूचा आशीर्वाद. घरच्या सगळ्यांना शरणु शरणार्थी, नमस्कार. तुम्ही खुशाल असाल. मीही बरी आहे, म्हणजे आता बरी आहे. मधे नव्हते, आणि त्याला कारण तू.

पुण्याला राहायला ये म्हणून लिहिलंस, त्यातच प्रयोगशाळेत काय करतोस तेही मराठीत कळवलंस. आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत झिजतात आणि नव्या येतात, इथवर समजलं. (मग तुझ्या काकांचं अस्तर इतक्यांदा नवं झालं, तरी दुखणं जुनंच कसं राहिलं? असो, आता विचारून काय.) पुढं म्हणतोस, पेशी आपल्या मनानं वाढत नाही, तिच्या खालचा थर मऊ की कडक, शेजारच्या पेशी काय निरोप धाडतात, त्यावर तिची वाढ ठरते. म्हणून तुम्ही त्यांना मऊ जेलीत वाढवता. इथं माझा घोटाळा झाला. थर मऊ हवा तर खाणंही मऊ हवं, असं धरून मी भाकरी सोडली आणि नुसत्या पेजेवर राहिले. पेशींचं काय झालं ते त्यांनाच ठाऊक, मी मात्र चक्कर येऊन मोरीपाशी बसले. शेजारची सकिनाबी भिंतीवरून ओरडली, "अगं येडे, पेशींना गादी घालाया गेलीस अन् सोता आडवी झालीस व्हय!" नळदुर्गच्या डॉक्टरांनी तुझा कागद वाचला, लई हसले, आणि भाकरी खा म्हणाले.

मग मी पुन्हा वाचलं. आपल्यात शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत. सकिनाबीच्या शेवया आल्या की माझ्याकडून गव्हाची हुग्गी जाते, हुग्गी गेली की तिकडून काहीतरी येतं, आणि कुणाची पाळी आहे यावर आमचं भांडण कधी मिटत नाही. काका गेल्यावर माझी चूल तेवढ्यामुळंच पेटत राहिली. एकटीपुरतं कोण रांधतं? म्हणजे माझ्या पोटाला निरोप भिंतीपलीकडून येतो. हे बरोबर आहे, की परत चुकले? बरोबर असेल तर तुझ्याच शास्त्रानं मला इथून उपटून बंद दारांच्या इमारतीत लावणं चूक. सबब मी येत नाही. राग मानू नको.

तुझी काकू,
इरम्मा

ता. क. सकिनाबीचा मुलगा साजिद तिला कायमचं सोलापूरला न्यायला आलाय. मला सोडून ती हलेना. म्हणून मीच म्हटलं, मला पुण्याला जायचंय, तू निघ. तर म्हणते, आधी तुला गाडीत बसवते, मग जाते. माझी थाप तिला कळते. तेव्हा रविवारी खरंच घ्यायला ये.

आणखी एक. तुमच्या मजल्यावर दुपारची घरी असणारी एखादी बाई बघून ठेव. तिला स्वयंपाक येत नसला तरी चालेल, माझ्या हातचं खाणारी हवी.