अकराव्या पानावरचा शिक्का

३ सप्टेंबर

प्रिय डिंक्या,

तुला, वहिनींना आणि छकुलीला माझे आशीर्वाद. मी बरी आहे, डावा गुडघा सोडला तर. तुमचं उत्तम चाललं असणार, ते पुस्तिकेतल्या फोटोत दिसतंच.

टपाल तिकिटांच्या प्रदर्शनाची पुस्तिका परवा मिळाली. सोन्याचं पदक म्हणजे काही थट्टा नाही. दवाखान्यात सगळ्यांना दाखवली. केसपेपरच्या खिडकीसमोर रांग असतानाही मी ती दाखवत बसले, त्याबद्दल डॉक्टरीणबाईंची बोलणी खाल्ली. कंपाउंडर म्हणाले, तुमचे बंधू मोठी असामी दिसतात. म्हटलं, फोटोसाठी पोट आत घेतलंय, तरी दिसतात खरे. रागावू नकोस. आता पन्नाशीला आलास, पण माझ्या डोळ्यांसमोर अजून तोच डिंक्या आहे, कोपरापर्यंत डिंक माखलेला आणि शर्टाला दोन तिकिटं चिकटलेली.

समारंभात मी व्यासपीठावर बसावं आणि संग्रहाची सुरुवात कशी झाली ते सांगावं, असं तू लिहिलं आहेस. येईन. काय सांगायचं तेही मनात जुळवते आहे. त्या पत्रमित्र मंडळाची छापील यादी, त्यातले परदेशातले पत्ते, आणि आपण एक कार्ड पाठवायचं, तिकडून एक यायचं, हा नियम. पोस्टातून टपाल तू आणायचास, कारण मला बाबांजवळून हलता येत नसे. पाकीटही तूच कापायचास, कारण मी कापलं की तिकिटाच्या कडेचे दात मोडायचे आणि तू दिवसभर तोंड फुगवून बसायचास. मग कोमट पाण्याची थाळी, त्यात तरंगणारे कागदाचे तुकडे, आणि टीपकागदात वाळत ठेवलेली तिकिटं. तिकिटं तुझी, मजकूर माझा. वाटणी चोख होती. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाकिटाला एक कोपरा नसायचा, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही.

लोकांना हे आवडेल. थोडं हसतीलही.

एक किरकोळ गोष्ट विचारायची राहिली. पुस्तिकेत तुझ्या तिकिटांच्या वहीतल्या अकराव्या पानाचा जो फोटो छापला आहे, त्यात पाकिटाच्या तुकड्यासकट एक निळं तिकीट आहे, वर पुलाच्या चित्राचा गोल शिक्का. खाली तू सुंदर अक्षरात लिहिलं आहेस, ‘थोरल्या बहिणीने प्रेमाने दिलेलं’. परीक्षकांनी त्याचं खास कौतुक केलं आहे, कारण ते पोस्ट ऑफिस पुढे दीड महिन्यात बंद झालं. मला काही हे तिकीट आठवत नाही. कधी दिलं होतं मी तुला? घाई नाही, सवडीने कळव. शिक्क्यावरची तारीखही नीट लागत नाही, माझा चष्मा जुना झाला आहे. भिंगातून बघून तेवढी लिही.

छकुलीचा खोकला कमी झाला का? तिला म्हणावं आत्याने विचारलंय.

तुझी,
ताई


२६ ऑक्टोबर

डिंक्या,

पत्राला उत्तर पत्राने द्यायचं असतं, हे तुला या वयात मी शिकवायला नको होतं. तू फोन केलास. पाऊण तास हॉल, खुर्च्या आणि पाहुण्यांची यादी झाली, आणि शेवटी जाता जाता म्हणालास, “ते तिकीट तूच दिलं होतंस ताई, विसरलीस. वय झालं आता.” आणि हसलास. मीही हसले. तारीख मात्र सांगितली नाहीस.

माझा चष्मा जुना नाही. जूनमध्येच नवा केला आहे. शिक्क्यावरची तारीख मला पहिल्या दिवशीच दिसली होती. सतरा फेब्रुवारी, आणि वर्ष तेच. ते तुझ्या हाताने लिहून यावं म्हणून मी खोटं बोलले. तुझ्याकडून कबुली काढायला मला इतकं साळसूद व्हावं लागलं, याची मला लाज वाटते.

तुझी आठवण निवडक दिसते, म्हणून सगळं सुरुवातीपासून लिहिते.

एकतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी चोवीस वर्षांची, तू अठराचा. बाबा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेले, दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायला लागायचं. आई नव्हतीच. त्या यादीतल्या एका बाईंशी माझी सहा वर्षं पत्रापत्री होती. आपण त्यांना बांधणीवाल्या बाई म्हणायचो, कारण त्या एका नदीकाठच्या गावात पुस्तकं बांधायच्या आणि हाताखाली दोन मुलींना ते काम शिकवायच्या. मी त्यांना कार्डं पाठवायचे ती जाडसर पुठ्ठ्याची, स्वतः शिवलेल्या छोट्या पाकिटात घालून. एकदा त्यांनी लिहिलं की तुझे टाके माझ्या मुलींपेक्षा सरळ आहेत. ते वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच नाचले होते, तू दारातून बघून वेडी म्हणालास.

त्या वर्षी नऊ जानेवारीला मी धीर करून विचारलं, मला शिकायला घ्याल का. शब्दकोश मांडीवर घेऊन चार दिवस ते पत्र लिहीत होते. ते टपालात टाकलंस तूच. त्यांच्या गावचं पोस्ट मार्चअखेर बंद होणार हे त्यांनी आधीच कळवलं होतं, ‘तुझ्या भावाला सांग, या शिक्क्याला आता मोल येईल’. मी तुला सांगितलं. केवढा खूश झाला होतास.

मग मी वाट पाहिली. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तू पोस्टातून परत आलास की सायकलचा आवाज ऐकून मी बाबांच्या खोलीतून विचारायचे, आलं का काही? आणि तू बाहेरूनच सांगायचास, नाही. एप्रिलमध्ये एकदा आत येऊन माझ्याजवळ बसलास. म्हणालास, “त्या लोकांचं असंच असतं ताई. मन भरलं की थांबतात.” माझ्या डोक्यावरून हातही फिरवलास. मला वाटलं, पोर किती समजूतदार झालं.

मी पुन्हा लिहिलं नाही. मी मानी आहे हे तुला चांगलं ठाऊक होतं. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्या दारात परत उभं राहायचं नाही, म्हणून माझ्या वहीत त्या पानावर आडवी रेघ मारली. ती वही माझ्याकडे आहे. डावीकडे ‘पाठवलं’, उजवीकडे ‘आलं’. नऊ जानेवारीसमोर उजवी बाजू कोरी आहे. जूनमध्ये तुझी कॉलेजची गाडी सुटली, तुझी ट्रंक मीच भरली. बाबा पुढे नऊ वर्षं होते. ते गेल्यावर मी दवाखान्यात लागले, तेव्हापासून केसपेपर लिहिते. बांधणीचं काम म्हणशील तर दवाखान्याची फाटकी रजिस्टरं मी शिवून देते. टाके अजून सरळ येतात.

पुस्तिका पाहिल्यावर पहिले तीन दिवस मी काय केलं, सांगू? मी तुझी वकिली केली. अठरा वर्षांचं पोर, कॉलेजची जागा हातातोंडाशी आलेली, घरात आडवा बाप. बहीण गेली तर आपण अडकलो. पाकीट कापताना पत्र वाचलं असेल, घाबरला असेल, लपवलं असेल. पण शिक्का टाकून देववेना. पत्र फाडता येतं, शिक्का फाडता येत नाही, ही तुमच्या जातीच्या संग्राहकांची खोड मला माहीत आहे. एवढ्या खोडीनेच तू सापडलास. मी मनाशी म्हटलं, भीतीपोटी एक पत्र दडवलं, त्याला एकतीस वर्षं झाली, सोडून देऊ. खरंच सोडणार होते. म्हणून तर तीन तारखेचं पत्र एवढं गोड लिहिलं.

ते टाकलं त्याच दिवशी मी दुसरंही एक टाकलं होतं, बाईंच्या जुन्या पत्त्यावर. त्याचं उत्तर गेल्या गुरुवारी आलं. बाईंच्या पुतण्याने लिहिलंय. बाईंना जाऊन अकरा वर्षं झाली. दुकान तो चालवतो. माझं नाव त्याला कागदपत्रांत सापडलं, कारण बाईही माझ्यासारखीच वही ठेवायच्या. त्या पानाची प्रत त्याने पाठवली आहे.

माझ्या नावासमोर तीन नोंदी आहेत.

सतरा फेब्रुवारी. ‘जागा आहे असं कळवलं. वरची खोली तिला.’

अकरा मार्च. ‘उत्तर नाही. जागा मेअखेर राखते असं पुन्हा कळवलं.’

दोन मे. ‘तिसरं पत्र. नोंदणीने.’ आणि बाजूला, वेगळ्या शाईत, ‘सही होऊन पोच आली. उत्तर नाही. तिला नको असावं.’

तीन, डिंक्या. एक मी माफ केलं होतं. नोंदणीचं पत्र पोस्टात सहीशिवाय देत नाहीत. तू तिथे माझ्या नावाची सही केलीस आणि घरी येऊन मला नाही म्हणालास. पहिल्या वेळी घाबरला असशील. तिसऱ्या वेळेपर्यंत तुला सराव झाला होता. आणि ती बाई मरेपर्यंत समजत राहिली की मी तिच्या खोलीला नाक मुरडलं. माझी कसली इज्जत शिल्लक ठेवलीस तिच्याकडे?

दुसऱ्या पत्राचं तिकीट तू ठेवलं नसणार, मला कल्पना आहे. शिक्का त्याच पुलाचा, पण तुझ्याकडे एक आला होताच. तिसऱ्यावर दुसऱ्या कुठल्या तरी पोस्टाचा, साधा. ठेवण्यालायक नव्हतं ते.

तू सरळ येऊन म्हणाला असतास, ताई, मला जायचंय, तू थांब, तर मी थांबले असते. बहुतेक थांबलेच असते. बाबांना मी टाकून गेले नसते, हे तुलाही आतून माहीत असेल. पण मग थांबणं माझं असतं. मी एकतीस वर्षं स्वतःला नाकारलेली बाई समजून जगले. कुणी कौतुक केलं की मला खोटं वाटायचं. त्या मुख्याध्यापकांचं स्थळ आलं तेव्हाही मी नाही म्हटलं, दुसऱ्यांदा कुणी मधेच गप्प झालं तर, या धास्तीने. आणि तू खाली लिहितोस, ‘प्रेमाने दिलेलं’. मी न पाहिलेलं तिकीट मी प्रेमाने कशी देईन रे?

समारंभाला मी येणार नाही. गुडघ्याचं कारण सांग, लोकांना पटेल. अकरावं पान काढू नकोस आणि खालची ओळही खोडू नकोस. पदक मिळालेल्या वहीत खाडाखोड बरी दिसत नाही. मी कुणाकडे ब्र काढणार नाही. वहिनींना सांगायचं की नाही ते तुझं तू बघ. छकुलीला यात ओढू नकोस, ती माझी आहे.

खरं तर हे पत्र इथेच संपवून तुझं नाव टाकायचं ठरवलं होतं. चार दिवस तसंच ठरलं होतं. पण एका गोष्टीपुढे माझा इलाज चालत नाही. बाईंच्या वहीत नोंदी आहेत, मजकूर नाही. वरच्या खोलीला खिडकी होती का, मला काय म्हणून हाक मारली होती, तिसऱ्या पत्रात त्या रागावल्या होत्या की काळजीत होत्या, हे कुठेच नाही. लिहिणारी गेली. ती पत्रं वाचलेला माणूस या जगात आता एकटा तूच उरला आहेस.

तेव्हा फोन करू नकोस. माफी मागू नकोस, त्याने माझं काही भागणार नाही. शांतपणे बस आणि तिन्ही पत्रांतलं जे जे आठवेल ते लिहून काढ. अर्धी ओळ आठवली तर अर्धी लिही. पदरचं मात्र काही घालू नकोस, मला बाईंची भाषा ओळखता येते. आता टपाल मी स्वतः आणते, रोज चार वाजता.

पुन्हा वाट पाहत असलेली,
ताई