सुरंगीवरचा खोकला

ती. आईस,
गावच्या अंगणातून आकांक्षाचा नमस्कार.

मी नीट पोचले. जेवण शेजारच्या शांताकाकीकडे होतं. विकण्याआधी घर आवरायला आले खरी, पण सुरंगी अशी फुलली आहे की आत जाववत नाही. पांगाराही लाल झालाय, त्यावर साळुंक्यांची भांडणं. तुझे गुडघे कसे आहेत? तिकडे भोईवाड्यात पाणी वेळेवर येतं ना?

पहाटे फुलांसाठी सुरंगीखाली बाबांची जुनी चादर पसरते. पहिल्याच दिवशी झाडावर कोणीतरी खोकलं. थेट बाबांचा, गिरणीत जडलेला खोकला, ते गेल्यापासून न ऐकलेला, कोरडा, शेवटी घसा ओढणारा. शांताकाकी म्हणाली, "भिया नको गो. तुझो बापूस सुरंगीक इलो."

म्हणे बाबा सुरंगीवर आलेत! मी बी.एस्सी. झालेली. टॉर्च मारला, तर वर वानर. बिबट्याचा वास आला की वानरं अशीच खोकतात. (काळजी करू नकोस, दार लावून झोपते.) काकीला समजावलं, तर म्हणते, "वांदर तर वांदर. पण खोकता कोणासारखो, ता सांग."

कालपासून वानरं देवळाकडच्या रानात गेली आहेत. तरी आज पहाटे खोकला आलाच. मी टॉर्च लावला नाही.

आई, घर घेणाऱ्याला एवढ्यात शब्द देऊ नकोस. आधी एकदा इथे ये. तो खोकला रात्ररात्र जागून तूच ऐकलायस. बाबांचा आहे की नाही, हे तूच सांगू शकशील. मला एकटीला ठरवता येत नाही.

तुझी,
आकांक्षा