सुपारीएवढा पोचा

बाबा, गेल्या महिन्यात आमच्या नव्या गाडीला पोचा आला आणि तुमची फार आठवण झाली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कुठे ठोकलेली गाडी दिसली की मला आधी तुम्हीच दिसता: कमरेत वाकलेले, हातात बॅटरी, बंपरवरून तळवा फिरवताना तोंडातल्या तोंडात पुटपुटणारे. विमा कंपनीचे सर्व्हेअर म्हणजे काय, हे माझ्या मैत्रिणींना कधीच नीट कळलं नाही. मी सांगायचे, माझे बाबा ठोकलेल्या गाड्यांचे डॉक्टर आहेत. घरीसुद्धा तुमची ती नजर सुटायची नाही. आई ओट्याशी उभी असायची, आणि तुम्ही पोचे आलेलं पातेलं उजेडात धरून जाहीर करायचात, "हे पडलेलं नाही, आपटलेलं आहे." आई म्हणायची, "हो, तुमच्यावरच आपटणार होते." मग तुम्ही दोघंही हसायचात.

आम्ही इथे बाडहूव्हडॉर्प नावाच्या डच गावात राहतो, विमानतळाला अगदी खेटून. तुमच्या जावयाने इतकी वर्षं सायकल आणि बसवर काढली आणि मग एकदम मोठी, विजेवर चालणारी जर्मन गाडी घेतली. गाडी आली म्हणजे पूजा आलीच. दारासमोर हळदकुंकू, नारळ, बॉनेटवर स्वस्तिक, पुढच्या चाकांखाली लिंबं. समोरच्या डच आजी खिडकीतून कौतुकाने बघत होत्या. लेकीला नुकतंच लायसन्स मिळालेलं, म्हणून पहिल्यांदा गाडी हलवायचा मान तिचा. विजेच्या गाडीला आवाज नाही, आणि लिंबू फुटल्याचाही आवाज येईना. आम्ही सगळे वाकून चाकांकडे बघतोय. तुमचा जावई एका हाताने घंटा वाजवतोय, दुसऱ्याने खुणा करतोय, "फुटलं नाही अजून! घे, अजून थोडं पुढे घे!" मीही तेच ओरडतेय. समोर नगरपालिकेने रोवलेला गुडघ्याएवढा लोखंडी खांब आहे, पण त्याच्याकडे बघायला कोणी रिकामं नाही. गाडी बिचारी टुंटुं करून सांगत होती, पण घंटेपुढे तिचं कोण ऐकणार? माणूस चालतो त्याहूनही हळू जाऊन ती खांबाला टेकली.

पोचा सुपारीएवढा. मला वाटलं, पॉलिश केलं की जाईल. गॅरेजमधल्या उंच, हसऱ्या माणसाने आधी कॉफी दिली आणि मग आकडा दाखवला. तेवढ्या पैशांत आमच्या शेजाऱ्याने चांगली चालती जुनी गाडी घेतली होती. "यासाठी?" एवढंच नवऱ्याच्या तोंडून निघालं. त्या माणसाने शांतपणे समजावलं. बंपरच्या मागे रडार आहे, ते हललंय. दिव्याचा अडकवायचा कान तुटलाय. कान सुटा मिळत नाही, अख्खा दिवा बदलावा लागतो. हे सगळं बसवून झालं की गाडीच्या कॅमेऱ्याला पुन्हा सरळ बघायला शिकवायचं, त्याचे पैसे वेगळे. विमा बराचसा भार उचलेल, पण पुढची काही वर्षं हप्ता चढा राहील. बाबा, तुम्ही असतात तर तो दिवा हातात घेऊन उलटसुलट बघत बसला असतात, आणि आम्हाला निघायला उशीर झाला असता.

घरी आल्यावर नवरा लेकीसमोर नुसते उसासे टाकत राहिला. ओरडला असता तर परवडलं असतं. जेवताना लेकीने गाडीची किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "आय अ‍ॅम नेव्हर ड्रायव्हिंग अगेन." तेव्हापासून दोघांमध्ये मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलणं. ही मुलगी लहानपणी कालव्याच्या काठाने हात सोडून सायकल चालवायची, आणि आता त्या आकड्यावरून स्वतःला नालायक ठरवून बसली होती. मला पैशांचं वाईट वाटलं होतंच. पण तिला अशी बघवत नव्हतं.

तेव्हा मला तो बिल्डर आठवला. मी कॉलेजात आहे, सुट्टी आहे, तुमच्या स्कूटरवर मागे बसून गॅरेजला आलेय. बिल्डरची परदेशी गाडी फाटकाला घासलीय. बिल्डर तावातावाने सांगतोय, "साहेब, केवढ्याचा चुना लावला बघा या माणसाने!" ड्रायव्हर भिंतीशी उभा आहे, मान खाली. तुम्ही गाडीकडे न जाता आधी त्याच्याकडे जाता. "तुम्हाला कुठे लागलं का?" तो दचकतो. मग तुम्ही गाडीभोवती फिरता, वाकता, ठोकून बघता, आणि बिल्डरला म्हणता, "नुकसान मोठं आहे, ते मी मोठंच लिहीन. पण यांची चूक एवढीच आहे," आणि दोन बोटांत पेरभरही नाही असं अंतर दाखवता. "बाकीची सगळी किंमत गाडीची. ती तुम्ही घेतलीत, यांनी नाही." तुमचा आवाज चढलेला नाही. बिल्डर गुरगुरतो, पण किल्ली ड्रायव्हरच्याच हातात देतो, कारण गॅरेजच्या अरुंद बोळातून ती गाडी बाहेर काढणं त्याला स्वतःला जमणार नसतं. घरी येताना मला इतका अभिमान वाटत होता की मी स्कूटरवर ताठ बसले होते.

मी हे सगळं जेवणाच्या टेबलावर सांगितलं, तुमच्यासारखी दोन बोटं धरून. मग लेक म्हणाली, "आय हर्ड द बीप, आई. यू गाइज वेअर लाउडर." नवरा म्हणाला, "घंटा तर मीच बडवत होतो," आणि खिशातून किल्ली काढून तिच्याकडे सरकवली.

परवा रविवारी, दुरुस्त होऊन आलेल्या गाडीतून, तिने आम्हाला द हेगला नेलं. नवरा मागे, मी तिच्या शेजारी. हायवे, ट्रक, मग गावातल्या ट्राम. उतरल्यावर ती खुशीत म्हणाली, "आई, यू स्लेप्ट! सो रिलॅक्स्ड!" मी मान डोलावली. झोपले कसली! अख्खा रस्ता डोळे गच्च मिटून, पाय खाली दाबून बसले होते. आणि तिथेच, फुटपाथवर, मला लख्ख आठवलं: मी गाडी शिकत होते तेव्हा तुम्हीही शेजारी बसून डोळे मिटायचात. मला वाटायचं, बाबांचा माझ्यावर केवढा विश्वास, चक्क झोपलेत! त्याच भरवशावर मी कात्रजचा घाट चढले.

हे पत्र कुठे टाकणार? पण तुम्हाला म्हणून सांगते, मी जागी होते हे मी लेकीला सांगितलेलं नाही. तुम्हीही मला कधी सांगितलं नाहीत.