कोणाकोणाचं अडतं?

सेलू,
रविवार, दि. १९ जानेवारी २०२५

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार लिहिला की तू वैतागतेस, म्हणून नुसताच नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. थंडीने बाबांचा गुडघा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा बाबा जास्त. तुझी आणि मावशीची तब्येत कशी आहे? सोबत तिळगूळ पाठवते आहे. पोचेपर्यंत चुरा झाला असेल तर चमच्याने खा. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र लिहिते. पत्र मधेच कापता येत नाही.

आता बातमी. ताई, मी जिंकले! अगदी ढोल वाजवण्यासारखी जिंकले.

दिवाळीनंतर मी वर्ध्याच्या एका संस्थेचं सर्वेक्षणाचं काम धरलं. एकाहून जास्त कामं करणारी माणसं गावात किती, हे दारोदार विचारायचं. माझ्या वाट्याला हिंगणी आलं. सकाळची शिकवणी आटोपून बसने जायचं आणि संध्याकाळी परत यायचं, म्हणजे मीच त्या मोजणीत बसते, पण मला कोणी मोजत नाही!

मी चौऱ्याहत्तर जणांचे फॉर्म भरले आणि त्यातले एकसष्ट दोन-तीन कामं करणारे निघाले. बाकी गावांतून दहात एक असा हिशेब आलेला. झालं, आमच्या कामावर देखरेख करणारे आदेश सर माझ्यावर उखडले. "वर्षाली, घरी बसून फॉर्म भरले का?" फॉर्म भरणाऱ्या सगळ्या मुलींसमोर विचारलं. माझे कान तापले. म्हटलं, "सर, चला माझ्यासोबत, पुन्हा विचारू." खोटं निघालं तर काम जाणार होतं, आणि सेलूत तोंड दाखवायची सोय राहिली नसती ती वेगळीच.

गेल्या सोमवारी सर आणि वर्ध्याच्या प्रेरणा मॅडम हिंगणीला आले. पहिलं दार सुलोचनाबाईंचं. मॅडमनी छापील प्रश्न वाचला, "आपण मुख्य व्यवसायाव्यतिरिक्त अन्य काही काम करता का?"

सुलोचनाबाई पदर सावरत म्हणाल्या, "मी काय करते वं बाई? घरीच असते. यायले विचारा." आणि नवऱ्याकडे बोट.

मॅडमनी माझ्या फॉर्मवर लाल फुली मारली. दुसऱ्या दारी तेच. तिसऱ्या दारी हरिदासभाऊ म्हणाले, "शेती. बस, दुसरं काई नाई." तिसरी फुली. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी म्हटलं, "मॅडम, मी असं विचारलंच नव्हतं. मला एकदा माझ्या पद्धतीने विचारू द्या." त्यांना परत सुलोचनाबाईंच्या ओट्यावर नेलं आणि विचारलं, "मावशी, उद्या तुम्ही आठ दिवस लेकीकडे गेल्या, त मागं कोणाकोणाचं अडन?"

"अडन न वं!" बाई एकदम ताठ बसल्या. "शाळेतल्या पोरायले खिचडी कोन देईन? हेडमास्तर बोंबलत येईन ना घरी. आन् कापूस वेचाले बायायले मीच घेऊन जाते. मी नाई त एक बाई हालत नाई. आन् शेजारच्या मेघाचं लेकरू? त्याले दुसऱ्या कोनी तेल लावलं त आभाळ डोक्यावर घेते ते!"

त्यांचा नवरा तानबा दारात उभा होता. तो म्हणाला, "हे घ्या! आन् मी लोकायले सांगून राह्यलो, बायको घरीच असते म्हून."

हरिदासभाऊंचीही तीच गत. जंगलात पर्यटकांची गाडी तेच चालवतात आणि लग्नसराईत बँडमध्ये क्लॅरनेट तेच वाजवतात. "मी नसलो त वरात जागची हालत नाई," म्हणाले. शेतीत त्यांच्यावाचून कोणाचं अडेल, ते मात्र त्यांना आठवेना!

सहाव्या दारी मॅडमनी मला थांबवलं आणि स्वतःच विचारलं, "मावशी, कोणाकोणाचं अडन?" त्यांचं वऱ्हाडी ऐकून ती बाई इतकी हसली की चहा प्यायल्याशिवाय सोडलंच नाही. संध्याकाळपर्यंत वीस दारं झाली. माझा एकही फॉर्म खोटा निघाला नाही. मॅडमनी तिन्ही फुल्या स्वतःच्या हाताने खोडून शेजारी सही केली. आता तो प्रश्न नव्या फॉर्मवर सगळ्यात वर छापला जाणार, बाकी गावं पुन्हा होणार, आणि मुलींना विचारायचं कसं ते मी शिकवणार. आदेश सरांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. मी ती मोठ्या मनाने, जरा वेळ लावून, स्वीकारली.

परतताना गाडीत मॅडमनी विचारलं, "हा प्रश्न तुला सुचला कुठून?"

मी म्हटलं, "असंच, सहज."

ताई, मी पुन्हा खोटं बोलले. दुसऱ्यांदा तुला गाळलं.

पहिल्यांदा कधी, ते तुला माहीत आहे. माझ्या साक्षगंधात, अंगठी घालायच्या आधी, धीरजच्या आत्याबाईंनी विचारलं, "मोठी काय करते?" आणि मी म्हटलं, "काही नाही, घरीच असते." तू मागे चिवड्याच्या बशा घेऊन उभी होतीस. त्या दिवशीही पहाटे वसतिगृहाच्या पोळ्या करून आली होतीस. माझी बहीण दुसऱ्यांकडे पोळ्या लाटते, हे सांगायची मला लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. जिच्या पोळ्यांवर मी बी. ए. झाले तिचीच लाज वाटली.

तू सगळ्यांना चिवडा वाटलास. चार दिवसांनी रोहण्याला मावशीकडे निघून गेलीस. लग्नाला आलीस, अक्षता टाकल्यास आणि न जेवता गेलीस.

तू गेलीस त्या आठवड्यात आपलं दार सारखं वाजत होतं. वसतिगृहातला माणूस आला. डॉक्टरांच्या घरून निरोप आला, की आजी दुसऱ्या कोणाच्या हातून अंघोळ करून घेत नाहीत. मयुरी पिको-फॉलला दिलेल्या साड्या विचारत आली. शेवयावाल्या काकू आल्या, बचत गटाच्या बायका आल्या. प्रत्येकाचं एकच, "कोकिळा कुठं हाय? आमचं अडून राह्यलं." पाच कामं, ताई. एका घरात राहून मी ती कधी मोजली नव्हती. तो प्रश्न तिथून आला.

मॅडमना दुसऱ्याच दिवशी फोन करून खरं सांगितलं. पण ते सोपं होतं. काल आत्याबाईंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तीसएक बायका बसलेल्या. मी उभी राहिले आणि म्हटलं, "आत्याबाई, साक्षगंधात मी खोटं बोलले. माझी ताई पाच कामं करत होती. त्यावर मी शिकले."

आत्याबाई म्हणाल्या, "अवं, मंग तवाच काऊन नाई सांगितलं? मी काय बसून खाते का? दुकान हाय, दोन म्हशी हायत. पाच कामं करनारी लेक हाय म्हनलं असतं, त पहिले तिलेच पाहाले आलो असतो न आमी!" सगळ्या हसल्या. मी हसता हसता रडले.

आता तुझी पाळी. नव्या यादीत रोहणा आहे आणि ते मी मागून घेतलं आहे. पुढच्या रविवारी तुझ्या दारी येते. दार बंद असलं तर आमचा नियम आहे, तीनदा जायचं. मी तीसदा येईन.

तुझा फॉर्म मी आधीच भरून ठेवला आहे. "कोणाकोणाचं अडतं" यापुढे पाच नावं लिहिली आहेत. सहावी ओळ मोकळी ठेवली आहे. ते नाव तुझ्यासमोर लिहायचं होतं, पण धीर निघत नाही, इथेच लिहिते.

वर्षाली