कोपऱ्यातला जुना लोगो

झिंडेलफिंगेन, जर्मनी, शनिवार, नोव्हेंबर २००६

सापडली एकदाची. शेजारच्या नोईने थायलंडहून आणलेल्या कॅसेट्सवर नावंच नाहीत. तिचे वारलेले वडील तिथल्या चॅनलवर रोज रात्री प्रसारण संपल्याची घोषणा करायचे आणि मगच घरी यायचे. चॅनल चोवीस तासांचं झालं तेव्हा लोगो बदलला, घोषणाही गेली. म्हणजे त्यांचा आवाज ऐकायचा तर कोपऱ्यात जुना लोगो असलेलीच कॅसेट हवी. हे मला आजच का सुचावं? श्पेरम्युलमध्ये, म्हणजे रस्त्याकडेच्या मोठ्या सामानाच्या कचऱ्यात, कुणी टाकून दिलेला व्हीसीआर जोडला आणि भराभर लावत गेलो. नवा लोगो, नवा, परत नवा... आणि जुना! मालिका संपली, घोषणेचा आवाज आला. शब्द एकही कळला नाही, तरी मी आवाज वाढवला. पडद्यावर मुंग्या आल्या तरी नोई दाराकडे बघत होती.

"आता बाबा घरी यायला निघतील," म्हणाली.