केमुंटोची सुट्टी

९ नोव्हेंबर
“तू नाही केलंस, तर ती म्हातारी गंजक्या ब्लेडनं करेल.” बावीस वर्षांपूर्वी आमच्या मेट्रन म्हणाल्या होत्या. आज आरोग्य कार्यालयात परिपत्रकाचा मसुदा लिहायला बसले आणि आधी हेच आठवलं.

विषय: मुलींची सुंता करणाऱ्या नर्सचे परवाने रद्द करणे. केनियातल्या आमच्या या किसी भागात हल्ली म्हातारीकडे कोण जातं? नर्सच घरी येते — हातमोजे, भुलीचं इंजेक्शन. शाळांना वर्षअखेरची सुट्टी लागली की सुरू.

१० नोव्हेंबर
आमचे साहेब डॉ. ओम्बाटी यांनी मसुद्यातले ‘सौम्य प्रकार’ हे शब्द खोडले. “सिस्टर, सौम्य म्हटलं की लोकांना परवानगीच वाटते! आणि कबुली देणारीला सवलत — ही कुणासाठी?”

“घाबरलेल्यांसाठी,” म्हटलं. कलम राहिलं.

१४ नोव्हेंबर
भुलीची प्रत्येक बाटली दोन सह्यांनीच द्यायची. मंजूर!

१८ नोव्हेंबर
केरुबो आली — थोरल्या बहिणीची मुलगी. केळ्यांचा अख्खा घड घेऊन.

“मावशी, माझी केमुंटो आठ वर्षांची झाली. या सुट्टीत तूच उरकून टाक.”

गुन्हा आहे, म्हटलं. हसली. “कायदा परक्यांसाठी गं! सासू रोज टोचते — पोरीला अशीच ठेवणार का? आणि माझं नाही का तू केलंस? ताप नाही, काही नाही. मैत्रिणींना अजून सांगते, माझी मावशी नर्स!”

“बाळंतपणात किती फाटलं होतं तुझं?”

“ते सगळ्यांचंच फाटतं.”

अकरा मुलींची केली मी. ब्लेडपासून वाचवते आहे, असं वाटायचं. केरुबो सातवी. आज ती माझे आभार मानत होती.

नाही म्हणाले. “बरं, मग दुसरी बघते,” म्हणाली. रागानं नाही. केळी ठेवून गेली.

२२ नोव्हेंबर
परिपत्रक निघालं. एकूण चार पानं.

२३ नोव्हेंबर
केरुबोला दुसरी नर्स मिळाली. येत्या शनिवारी, परवाच करायचं ठरलंय.

पोलीस चौकीत कळवून आले. “सोमवारी बघू,” हवालदार म्हणाला. मग ऑफिसात पहिला कबुलीअर्ज दिला — माझा. अकरा मुली, त्यांत एक भाची. सवलत नको, असं खाली लिहिलं.

केरुबोला निरोप धाडलाय. नाहीच म्हणेल, ठाऊक आहे. तरी — केमुंटोला उद्याच माझ्याकडे पाठव. शाळा उघडेपर्यंत राहू दे. तुझं मी वाईट केलं, केरुबो. हिला तेवढी पाठव.